तिच्या शाळेचा रस्ता

वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्यांची बदली यवतमाळहून नेरला झाली तेव्हा मी सहावीत होते. आमच्या घरात सगळे नोकरदार. आजोबा कोर्टात, काका पोस्टात, वडील महसुलात. कापसाच्या जिल्ह्यात राहूनही शेत आम्ही पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून.

नेरच्या शाळेत माझ्या शेजारी बंजारा तांड्यावरची एक मुलगी बसायची. मी डावरी, ती उजव्या हातानं लिहिणारी. मी उजवीकडे बसले की लिहिताना आमची कोपरं एकमेकींना लागायची आणि दोघींच्या वह्या खराब व्हायच्या. म्हणून मी डावीकडे सरकले आणि तिला खिडकीजवळ बसू दिलं. मैत्री त्यातूनच झाली असावी. चार वर्षं आम्ही त्याच पद्धतीनं बसलो.

ती रोज तांड्यावरून पायी यायची. सात किलोमीटर. आल्यावर शाळेच्या हौदावर पाय धुवायची आणि ओल्या पावलांनी वर्गात शिरायची. दप्तरात कधी बोरं, कधी टेंभरं असायची, आणि फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर. भाकरीला त्यांच्या बोलीत बाटी म्हणतात, आईला याडी म्हणतात, हे तिनंच मला शिकवलं. मी तिला इंग्रजीची स्पेलिंगं पाठ करून द्यायचे. दर दोन-चार दिवसांनी ती म्हणायची, "ये नं एकदा तांड्यावर. याडी गरम बाटी करून देईन."

मी घरी विचारायचे. आई म्हणायची, "इतक्या लांब पायी? आणि परत कशी येशील?" त्या रस्त्याला तेव्हा एसटी नव्हती. दिवाळीत जाऊ, उन्हाळ्यात जाऊ असं करत चार वर्षं गेली.

एक प्रसंग सांगायला हवा. सातवीत, दुपारच्या शेवटच्या तासाला, तिला झोप लागली. डोकं खिडकीच्या गजाला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं. गुरुजींनी तिला उठवून बाकावर उभं केलं आणि विचारलं, "काय हो, खाट आणून देऊ का?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. नुसतं हसू आलं असं नाही, मी सगळ्यांसोबत, सगळ्यांना दिसेल असं हसले. ती तास संपेपर्यंत उभी राहिली. नंतर दोन दिवस ती माझ्याशी फारसं बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दप्तरातून बोरं काढून माझ्यापुढे ठेवली आणि विषय तिथंच मिटला. म्हणजे तिच्या बाजूनं मिटला.

नववी संपली आणि वडिलांची बदली पुन्हा यवतमाळला झाली. दहावीनंतर तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. निरोप मिळाला तेव्हा लग्न होऊन महिना झाला होता.

मध्ये पंधरा वर्षं गेली. मी यवतमाळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले होते. ती कापसाची फार वाईट वर्षं होती. बाहेरगावी लग्नाकार्यात कुणी विचारलं, कुठून आलात, आणि मी यवतमाळ म्हटलं की समोरच्याचा आवाज खाली यायचा. घरात कुणी गेल्यावर भेटायला आल्यासारखे लोक बोलायचे. दिल्ली-मुंबईहून कॅमेरे घेऊन माणसं यायची आणि दोन दिवसांत परत जायची. आम्ही गावात राहणारे, पगारावर जगणारे, आमचं काहीच बिघडलेलं नव्हतं, आणि हेच मनाला खायचं. गावातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना तीच शेतं. त्यांच्याकडे पाहणं अवघड झालं होतं.

त्या सुमारास कॉलेजातल्या काही प्राध्यापकांनी आणि गावातल्या दोन-तीन डॉक्टरांनी मिळून एक पदयात्रा काढायचं ठरवलं. पाऊस बिघडल्यामुळे हैराण झालेल्या तीन वस्त्यांसाठी मदत गोळा करायची होती. विहीर खोल करायची, आणि बियाणं साठवायला कोठी बांधायची, म्हणजे पहिली पेरणी वाळून गेली तर घरात दुसरं बी असेल. चालणाऱ्यानं आपापले प्रायोजक शोधायचे. तो जितके किलोमीटर चालेल, तितकी त्यांनी मदत द्यायची. असं काही आमच्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. स्टाफरूममध्ये एकांनी विचारलं, "द्यायचेच आहेत तर असेच द्या ना. तंगडतोड कशाला?" 

मी मार्गाचा कागद हातात घेतला. यवतमाळहून निघून पहिला मुक्काम अर्ध्या वाटेवरच्या गावात, दुसरा नेरला. तिसऱ्या दिवशी सकाळी नेरहून तांड्यावर. तांड्याचं नाव वाचलं आणि मी ताबडतोब खाली सही केली.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरी सांगितलं. वडील निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "चालण्याचे पैसे कोण देतं?"

"तुम्हीच द्या. पहिलं नाव तुमचं लिहिते."

ते हसले आणि त्यांनी खरंच पहिली सही केली. आई पोळ्या लाटत होती. ती थांबली.

"तो तिचाच तांडा ना?"

"हो."

"मी तेव्हा तुला जाऊ दिलं नाही."

"लहान होते गं मी."

"तीही तेवढीच होती," आई म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

निघायच्या दिवशी तिनं माझ्या पिशवीत पराठे, तिळाची चटणी आणि एक नवा कोरा खण ठेवला. "तिच्या आईला दे," एवढंच म्हणाली.

फेब्रुवारी होता. आम्ही पंचवीसेक जण होतो. पुढे दोन विद्यार्थी फलक धरून. त्यावर मोठ्या अक्षरांत 'हवामान बदल' लिहिलेलं. एका बँकेतल्या साहेबांनी नवे बूट घेतले होते. दुपारपर्यंत त्यांच्या टाचा सोलल्या आणि संध्याकाळी ते स्लिपर घालून चालत होते, तेही लंगडत. पण थांबले नाहीत. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होते. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. त्या वर्षी मृगात पाऊस झाला म्हणून लोकांनी पेरलं, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. अंकुर जळाले. पुन्हा पेरलं. ते कसंबसं हाती लागणार, बोंडं फुटली, तर ऐन कार्तिकात पाऊस लागला आणि कापूस झाडावरच काळा पडला. हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. आता काळं, चिकटलेलं बोंड हातात घेऊन पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एका बांधावर एक बाई पऱ्हाट्यांची मोळी बांधत होती. आमची रांग पाहून तिनं विचारलं, "कुठी चालले?"

"नेरला. तिथून तांड्यावर."

"एसटी नाई भेटली काय?"

मी तिला समजावून सांगितलं, की आम्ही जितकं चालू तितके लोक पैसे देतात आणि ते तीन वस्त्यांना जातात. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग मोळी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "मंग मले तं बम पैशे भेटले असते." ती हसली आणि पांदणीच्या वाटेनं निघून गेली. आमच्यातलं कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नेरहून निघालो. आमच्या शाळेवरूनच रस्ता जात होता. मी सगळ्यांच्या मागे राहिले. शाळेचं फाटक बंद होतं. तिथून मी चालायला लागले तेव्हा मनात एकच होतं, हा तिच्या घरी जायचा रस्ता.

पहिले दोन किलोमीटर सरळ होते. मग नाला आला. पूल नव्हता, दगड टाकलेले होते. नाला कोरडा होता तरी त्या गोट्यांवरून माझा पाय मुरगळता मुरगळता वाचला. पुढे चढ लागला. सागाची पानं गळून गेली होती, सावली नव्हती. एका वळणावर मी घड्याळ पाहिलं. निघून पाऊण तास झाला होता आणि अजून निम्मा रस्ताही सरला नव्हता. अकरा-बारा वर्षांची मुलगी, दप्तर, डबा, चपला असल्या तर असल्या. यायचं, दिवसभर शिकायचं, परत जायचं. आणि दुपारच्या शेवटच्या तासाला तिला झोप लागली तर आम्ही हसलो. मला एकदम रडू आलं. शेजारून चालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाय दुखतोय का?" मी हो म्हणाले.

तांड्यावर नाईकांनी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांनी, आमचं स्वागत केलं. बायांनी कुंकू लावलं, भाषणं झाली, टाळ्या झाल्या. आम्हाला विहीर दाखवली. तळाशी ओला गाळ होता, त्यावर मधमाश्या बसल्या होत्या. मी एका बाईजवळ माझ्या मैत्रिणीची चौकशी केली. ती माहेरीच राहते, नवऱ्यालाही इकडेच आणलंय, एवढं मी नेरला ऐकलं होतं.

"ते तं हैदराबादले हाय," बाई म्हणाली. "बांधकामावर. दसरा झाला का गेले सारे. अथी काय करतीन?"

मी इतकी वर्षं यायचं लांबवलं होतं आणि आता पोचल्यावर मला खात्री होती की ती असेलच. का, ते सांगता येत नाही. ती माझी वाट पाहत तिथं बसून राहायची होती का? 

थोड्या वेळानं नाईकांनी वही पुढे केली. आलेल्या प्रत्येकानं नाव लिहायचं होतं. मी लिहीत असताना समोर एक म्हातारी उभी होती. अंगावर आरशांची ओढणी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती माझ्या हाताकडे पाहत होती.

"तू तहसीलवाल्याची नं?"

मी मान वर केली.

"डाव्या हातानं लिवतं. माह्या पोट्टीनं सांगतलं होतं." तिनं माझं मनगट धरलं. "आव," ती म्हणाली, आणि तिच्या घराकडे नेऊन खाटेवर हात थोपटून म्हणाली, "बेस."

ती याडी होती. तिनं चूल पेटवली आणि बाटी थापायला बसली. तव्यावरची फुगलेली भाकर तिनं माझ्या ताटात टाकली, वर आंबाडीची भाजी. मी खात असताना ती समोर बसून बघत होती. मी खण दिला. तिनं तो उलगडला, पुन्हा तशीच घडी घातली आणि विचारलं, "तुह्या मायनं देल्ला?"

"हो."

"तुह्या मायले बम फिकर होती तुही. पोट्टी सांगे मले. म्हने, तिची माय तिले सोडत नाई." ती हसली. "मी म्हनो, नाईच सोडलं पाह्यजे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी बाकीचे लोक टेम्पोनं परत गेले. मी आयोजकांना सांगून तांड्यावर राहिले. ऊन उतरल्यावर याडी पाण्याला निघाली तेव्हा मीही एक प्लास्टिकची घागर घेतली. तांड्याची विहीर आटली की उतारापलीकडच्या एका शेतातल्या विहिरीवरून पाणी आणायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. जाताना उतार, येताना चढ. याडीच्या डोक्यावर पाण्याचे दोन पितळी गुंड, हात मोकळे. मी घागर कमरेवर घेतली आणि घरी पोचेपर्यंत तिच्यातलं निम्मं पाणी माझ्या कपड्यांवर आलं.

"आधी असं होतं काय पाण्याचं?" मी विचारलं.

"आधी पानी सांगून ये," ती म्हणाली. "वारा बदले, मुंग्या चढत, आमी समजत. आता येड्यावानी येते. आलं तं सारं वाहून नेते, नाई आलं तं नाईच. तुमच्या त्या कापडावर काय लिवलं होतं?"

"हवामान बदल."

"हाव," ती म्हणाली. "तेच."

चढावर एक मोहाचं झाड होतं. तिथंच फोनला रेंज मिळायची. शेजारच्या घरी माझ्या मैत्रिणीचा नंबर होता. उजेड होता तोवर मी त्या झाडाखाली जाऊन फोन लावला.

"हॅलो, कोन?"

मी माझं नाव सांगितलं.  पलीकडे कुठलं तरी मशीन घरघरत होतं.

"कोठून बोलून राह्यली?"

"तुझ्या तांड्यावरून. मोहाखालून."

"खोटं नको बोलू."

"याडीला देऊ का फोन?"

 ती हळूच म्हणाली, "आता काहून आली वं? मी नसताना?"

 मी म्हणाले, "पायी आले. नेरहून."

"नाल्यात पानी होतं काय?"

"नाही. कोरडा होता."

"मंग काय आली तू. पानी असताना येऊन पाह्य." आणि ती हसली. तिचं हसणं तसंच होतं, नाकातून सुरू होणारं. मला वाटलं, हा फोन ठेवूच नये. पण तिकडून कुणीतरी तिच्या नावानं ओरडलं.

"होळीले येजो," ती घाईनं म्हणाली. "मी होळीले येऊन राह्यली. मुकादमाले सांगतलं हाय. येजो हां."

होळीला मी गेले. नेरपर्यंत एसटी, तिथून फाट्यापर्यंत काळीपिवळी जीप, पुढे पायी. ती दारातच उभी होती. वाळली होती. हातांची कातडी सिमेंटनं फाटलेली. मी धावत जाऊन तिला मिठी मारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तुमी कवा निंघाल्या?"

तुमी. फोनवर ती मला तू म्हणाली होती. समोर चष्मा, खांद्याला पर्स, कॉलेजातली बाई दिसली आणि तिच्या तोंडून तुमी आलं. मी म्हणाले, "मला तुमी म्हणू नको गं." ती लाजली. तरी त्या दिवशी तिनं मला कशानंच हाक मारली नाही. 'तू' आणि 'तुमी' दोन्ही टाळायचं म्हणून ती प्रत्येक वाक्य वळवून बोलायची. "पानी पाह्यजे काय?" "थकवा आला असन."

तांडा भरून गेला होता. जे कामाला बाहेर गेले होते ते सगळे परतले होते. बाया गोल करून नाचत होत्या, होळीची लेंगी गात होत्या. तिला कुणीतरी ओढून गोलात नेलं. ती मोठ्यानं गायला लागली. चार वर्षं शेजारी बसूनही मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. वर्गात ती कवितासुद्धा पुटपुटायची. मी खाटेवर बसून तिच्याकडे पाहत होते. तिची सात-आठ वर्षांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि तेलुगू-हिंदी मिसळून माझ्याशी बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. त्या रस्त्यावर आम्ही पहिल्यांदाच एकत्र चाललो. चालताना तिचं अवघडलेपण गेलं. ती पुढे, मी मागे, तिच्या वेगाला माझा वेग पुरत नव्हता. ती वळून म्हणाली, "हळू चालू काय तुह्यासाठी?" त्या तुह्यासाठीनं मला धीर आला. मी तिला थांबवलं आणि सांगितलं, सातवीतली ती दुपार, गुरुजी, वर्गाचं हसणं. "मीही हसले होते. तुला आठवत असेल."

तिनं आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. "नाई वं," ती म्हणाली. "मी तं किती डाव झोपली वर्गात. कोनता डाव म्हनतं तू?"

"तू दोन दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी."

"दात दुखत असन माहा." मग थोडं चालून ती म्हणाली, "मले एक याद हाय. तू मले खिडकी देल्ली होती. मी उनातून येवो म्हनून तू मले हवेशीर जागा देल्ली. मी याडीले घरी येऊन सांगतलं होतं."

खिडकी मी कोपर लागू नये म्हणून सोडली होती. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं काय करायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

फाटा जवळ आला. मी विचारलं, "विहीर खोल करणार आहेत. पाणी लागलं तर येशील का परत?"

"पानी लागन," ती म्हणाली. "पन मी नाई येनार."

"का?"

"पोट्टीची शाळा हाय तथी. घराच्या समोर. सडक ओलांडली का शाळा. पाच मिनिटं नाई लागत." हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता. काळीपिवळी यायला वेळ होता. ती रस्त्याकडेला उकिडवी बसली आणि म्हणाली, "रविवारी सुट्टी राह्यते तं मी उगाच चालत जाते, बम लांब. नवरा म्हनते, कुठी जातं वं? मी म्हनते, शाळेत."

ती हसली, पण डोळे पुसले. गाडी आली तेव्हा तिनं माझ्या हातात फडक्यात बांधलेल्या दोन बाट्या दिल्या.

त्या उन्हाळ्यात विहिरीचं काम झालं. खाली दगड लागला, काम थांबलं, पुन्हा लोकांकडे जावं लागलं. पण पाणी लागलं. बियाण्याची कोठीही उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिली पेरणी वाळली तेव्हा लोकांना त्याच दिवशी दुसरं बी मिळालं. ज्वारी आणि तुरीचं, कापसाचं नाही. पदयात्रा आणखी दोन वर्षं निघाली. मग एका प्राध्यापकाची बदली झाली, डॉक्टर नागपूरला गेले आणि ती बंद पडली. या सगळ्यानं जिल्ह्याचं काही फार बदललं असं मी म्हणणार नाही. याडीला शेवटची पाच-सहा वर्षं उतारापलीकडे जावं लागलं नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.

मला पुण्यात कायमची नोकरी लागली. आई-वडीलही पुढे माझ्याकडे आले. यवतमाळचं भाड्याचं घर सोडताना सामान इतकं थोडं निघालं की एका छोट्या टेम्पोत मावलं. याडी गेल्याचं मला तिनं फोनवर सांगितलं. त्यानंतर तांड्यावरचं त्यांचं घर बंदच असतं. जिल्ह्यात आता माझं कुणी नाही आणि तिचंही नाही. आम्ही फोनवर बोलतो, वर्षातून चार-पाच वेळा. दोघींना एकच चाळा. तिकडे पाऊस कसा झाला म्हणतात, ही चौकशी. जणू आमची तिथं शेतीच आहे. तिची कधी नव्हतीच फारशी, माझी तर मुळीच नाही. तरी जूनच्या शेवटी मला चैन पडत नाही. इथं पुण्यात भरपूर पाऊस पडत असला तरी मी तिला फोन करून विचारते, तिकडे पडला म्हणतात का?

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं लग्न झालं. मुलगी आता एका दवाखान्यात नर्स आहे. मी हैदराबादला गेले. मोठा मंडप होता, डीजे होता, बहुतेक लोक तेलुगू बोलत होते. तिनं मला हाताला धरून आत नेलं आणि स्वतःच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसवलं. गर्दीत दोघींना बोलायला निवांतपणा असा मिळाला नाही. मधेच ती माझ्याकडे झुकून म्हणाली, "बोरं अथीबी भेटते. पन तशी नाई."

"पुण्यातही मिळतात. तिथंही तशी नाहीत."

"मोठी मोठी राह्यते. पानचट."

"हो."

आम्ही नेरच्या बोरांबद्दल बोलत राहिलो. कुठल्या बांधावरची आंबट, कुठल्या बांधावरची गोड, कोणतं झाड कुणी तोडलं. मला त्यातलं एकही झाड माहीत नव्हतं. मी फक्त तिच्या दप्तरातून निघालेली बोरं खाल्ली होती. पण मी ऐकत होते, आणि विचारत होते, मग पुढे, मग त्याच्या पुढे कोणतं? ती हातानं हवेत बांध आखून दाखवत होती. तेवढ्यात मुलाकडच्यांची पंगत बसली. कुणीतरी तिला हाक मारली. ती पदर खोचत उठली आणि वाढायला गेली.